खाजणजमिनींची राखण आणि आपली ज्ञाती

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवरांचा परिचय आणि वर्षाच्या हिशेबाचे वाचन हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय होत, आणि ते तसे असणे योग्यच आहे. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस एक निराळा विषय नेमून दिला. उपनगरांतील पाणथळ जमिनी राखण्यासाठी महापालिका व राज्यशासन जे प्रयत्न करीत आले, त्यांचा विचार येथे मांडावा अशी सूचना झाली. विषय पक्ष्यांचा व झाडांचा आहे, त्याचा ज्ञातीशी काय संबंध, असे काही तरुण मित्रांनी विचारले. संबंध आपल्या नावातच आहे. आगर म्हणजे मीठ पिकविण्याची जागा; त्या आगरांत राबणारा तो आगरी. मुलुंड, भांडुप, कांजूर, घाटकोपर येथील खाडीकाठ आणि पश्चिमेस बोरीवली, दहिसरकडील खाजणे यांच्याशी आपल्या घराण्यांचे नाते महापालिकेहून जुने आहे. अंधेरी, घाटकोपर ही गावे १९५० साली मुंबईच्या हद्दीत आली, आणि बोरीवली, मुलुंड तर १९५७ साली. त्यापूर्वी येथे बांध होते, उघाड्या होत्या आणि त्यांची निगा राखणारी माणसेही होती.

मिठाचे काम आजच्या पिढीने पाहिलेले नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. उधाणाच्या भरतीला उघाडीतून खाडीचे पाणी आत घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवीत ते उन्हाने आटवावयाचे, आणि शेवटच्या वाफ्यात दाणा धरला म्हणजे तो ओढून बांधावर रास करावयाची. पावसाळा जवळ आला की काम थांबे. मग तेच वाफे पावसाचे पाणी पोटात घेत, आणि ओहोटी लागली की उघाडीवाटे ते हळूहळू खाडीस परत देत. बांधाच्या बाहेर तिवरांची दाट रांग असली म्हणजे लाटेचा मार बांधावर कमी बसतो. तिवरांच्या मुळांत चिखल धरून राहतो, त्या चिखलात निवटी व चिंबोरी राहतात, आणि कोळंबीची पिले वाढतात. हे शास्त्र आपल्या वाडवडिलांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. बांध फुटला तर वर्ष बुडते, एवढ्या एका धाकाने ते त्यांना पाठ झाले होते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईस या शास्त्राची आठवण झाली. मिठी नदीच्या मुखाशी असलेली खाजणे भरून त्यांवर वसाहती व कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या. वरून पाऊस, समोरून भरती, आणि मध्ये पाण्याला थांबावयास जागा नाही. त्यानंतर पाणथळ जागेविषयी सर्वच गोड बोलू लागले. परंतु गोड बोलणे आणि जागा राखणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतराविषयीच आम्हांस आज बोलावयाचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, जी जमीन राखावयाची तिचे मोल देऊन ती ताब्यात घ्यावी व तिच्यावर राखणदार ठेवावा. या तिहींपैकी काही न करता केवळ नकाशावर रंग भरला, तर ती जमीनही जाते आणि तिचा मालकही नाडला जातो.

चांगल्या उदाहरणापासून आरंभ करू, कारण ते आपल्या उपनगरातलेच आहे. मुंबई बेटावर पाण्याचे दुर्भिक्ष वाढले तेव्हा मिठीच्या उगमाशी बांध घालून विहार तलाव करण्यात आला आणि १८६० साली त्याचे पाणी शहरास मिळू लागले. १८७९ साली तुळशी तलाव पुरा झाला. तलाव म्हणजे केवळ पाणी नव्हे. ज्या डोंगरउतारांवरून ते पाणी येते ते उतार स्वच्छ राहिले पाहिजेत, नाहीतर तलाव गाळाने व घाणीने भरतो. म्हणून पाणलोटाची जमीन राखली गेली, तेथे वस्ती व शेती होऊ दिली गेली नाही, पहारा बसला. त्या काळी हे डोंगर शहराच्या हद्दीबाहेर होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांनी ही जमीन राखली त्यांच्या मनात बिबट्या नव्हता, फुलपाखरेही नव्हती. त्यांना पिण्याचे पाणी हवे होते. पण राखलेल्या जमिनीवर रान आपोआप टिकले. तेथेच स्वातंत्र्यापूर्वी सुमारे वीस चौरस किलोमीटरांचे कृष्णगिरी उपवन झाले, १९६९ साली आजूबाजूची राखीव वने जोडून त्याचा विस्तार झाला, पुढे ते बोरीवली राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि १९९६ पासून त्यास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. आज त्याचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. तानसा तलावाचीही हीच गोष्ट. १८९२ साली पाण्यासाठी राखलेला पाणलोट आज अभयारण्य आहे. महापालिका काही करू शकत नाही असे जे म्हणतात त्यांना आम्ही विहारच्या काठावर नेऊ इच्छितो. करू शकते, मात्र तिला स्वतःची तहान लागावी लागते.

पवईची कथा याच्या उलट. तो तलाव १८९० च्या सुमारास झाला, पण पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. तहानेशी नाते तुटले, तशी काळजीही सुटली. भोवती इमारती चढल्या, सांडपाणी शिरले, जलपर्णीने पृष्ठभाग झाकला. अखेर २०२१ मध्ये महापालिकेने काठाने सायकलमार्ग बांधावयास घेतला, आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरवून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. रखवालदारालाच न्यायालयाने कुंपणाबाहेर काढावे, हा प्रसंग विरळा.

आता खाडीकाठाकडे वळू. येथे पुढाकार महापालिकेचा नव्हता, न्यायालयाचा होता. एका पर्यावरणसंस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी आदेश दिला की, राज्यात कांदळवनाची तोड बंद व्हावी. सरकारी जमिनीवरील कांदळवन संरक्षित वन म्हणून जाहीर करावे. कांदळवनापासून पन्नास मीटरांत बांधकाम होऊ नये. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात तर कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जीवनाच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असे न्यायालयाने म्हटले. शासनाने २०१२ च्या जानेवारीत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापिला. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडीचे १,६९० हेक्टर क्षेत्र, त्यांत ८९६ हेक्टर कांदळवन व उरलेले पाणी, रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०२२ साली ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. भांडुप, मुलुंडच्या खाडीवर हिवाळ्यापासून दिसणारे ते गुलाबी थवे आज जगाच्या यादीत आहेत, आणि पांढरी चिप्पी हे झाड २०२० पासून राज्याचे कांदळवृक्ष आहे. ही कामगिरी लहान नव्हे, तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण सरकारी जमीन एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे देणे ही गोष्ट एक, आणि खासगी खाजणाचा प्रश्न दुसरा. २००५ च्या आदेशान्वये खासगी जमिनीवरील कांदळवनही वन समजले जाते. तत्त्वतः हे बरोबर आहे. झाडास मालक कोण ते ठाऊक नसते. व्यवहारात काय होते? आमच्या परिचयाच्या एका ज्ञातिकुटुंबाचे उदाहरण सांगतो. आजोबांच्या वेळी भाताचे खार होते. बांध फुटला, दुरुस्त करण्याचे बळ राहिले नाही, पाणी आत आले, आणि वीस वर्षांत तेथे तिवरे उभी राहिली. सातबारा घराण्याच्याच नावे. शेती करता येत नाही, विकता येत नाही, कर्जास तारण म्हणून कोणी पाहत नाही, आणि शासन ती विकतही घेत नाही. एका रात्री कोणा परक्याने गाड्या आणून तेथे राडारोडा टाकला. सकाळी तिवरांचा नाश झाल्याबद्दल नोटीस आली, ती मात्र सातबाऱ्यावरील नावाने. तीन भाऊ, दोन बहिणी आणि एक म्हातारी आई यांनी दोन वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या. आता त्या घरात तिवराचे नाव काढले तरी वातावरण तापते. ज्या माणसाने तिवर राखावयाचा त्यालाच तिवर वैरी वाटावा, हे कोणत्या संरक्षणाचे लक्षण म्हणावे?

मंडळी, या ठिकाणी एक भेद नीट समजून घ्या, कारण आपल्या कित्येक कुटुंबांचा पैसा व वेळ याच गोंधळात गेला आहे. विकास आराखड्यात जमिनीवर दोन प्रकारची बंधने येतात. एक आरक्षण. बाग, क्रीडांगण किंवा अन्य सार्वजनिक कामासाठी जमीन आरक्षित झाली, तर महापालिकेने ती संपादन करावयाची असते. मोबदला पैशात, अथवा १९९१ च्या नियमावलीपासून हस्तांतरणीय विकासहक्काच्या रूपाने. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमाखाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर दोन वर्षांत पालिकेने पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. म्हणजे येथे पालिकेवर काळाचे बंधन आहे. दुसरा प्रकार विभागाचा. पूर्वी यास ना-विकास क्षेत्र म्हणत. २०१८ साली मंजूर झालेल्या २०३४ च्या आराखड्यात कांदळवने व पाणथळ जागांसाठी नैसर्गिक क्षेत्र असा निराळा विभाग केला आहे. विभागात पडलेली जमीन कोणी संपादन करीत नाही, तिला मुदत नाही, तिच्यासाठी खरेदीची नोटीसही देता येत नाही. ती तुमची आहे आणि तुमची नाही.

महापालिकेने नैसर्गिक क्षेत्र नकाशावर दाखविले, ही आम्ही प्रगतीच मानतो. १९६०च्या दशकातील पहिल्या आराखड्याच्या काळी दलदल म्हणजे भरून काढावयाची जागा, अशीच समजूत होती. आम्ही वर्गात भूगोल शिकवीत असताना जुन्या नकाशांतील तुटक निळ्या रेघा मुलांना दाखवीत असू. नव्या नकाशात त्या जागी रस्त्यांची नावे असत. परंतु हिरवा रंग फासला म्हणजे काम झाले, ही समजूतही तितकीच घातक आहे. आरक्षणाचा भार पालिकेवर पडतो, विभागाचा भार मालकावर पडतो. संपूर्ण शहराला पुरापासून वाचविणारी जमीन राखण्याचा खर्च खाडीकाठच्या मूठभर घरांनी का सोसावा, हा प्रश्न आजवर कोणत्या सभागृहात गंभीरपणे विचारला गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मिठागरांची स्थिती याहून चमत्कारिक. मुंबईतील मिठागरांची जमीन पाच हजार एकरांहून अधिक, आणि तिचा मोठा भाग केंद्रशासनाचा. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत मीठ पिकविण्यासाठी केलेल्या जागा व्याख्येतूनच वगळल्या आहेत. भातखाचरेही वगळली आहेत. म्हणजे जेथे भरतीचे पाणी येते, पावसाचे पाणी साठते व पाखरे उतरतात, ती जागा कायद्याने पाणथळ नाही. पाखरांना ही नियमावली अद्याप पोचलेली दिसत नाही. परिणाम असा की, २०२४ साली कांजूर, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागर जमीन धारावी पुनर्विकासातील भाड्याच्या घरांसाठी देण्याचे ठरले. गरिबांना घर मिळू नये असे आम्ही कधीही म्हणणार नाही. पण पाण्याची जागा माणसाला दिली तर पाणी माणसाच्या जागेत येते, हे २००५ साली आपण छातीइतक्या पाण्यात उभे राहून शिकलो आहोत.

कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीची हकीकत तर सर्वांच्या नाकापर्यंत आलेली आहे. तेथील भूमी २००८ साली संरक्षित वन म्हणून अधिसूचित झाली. २००९ साली शासनाने त्यातील ११९.९१ हेक्टर वगळली. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते वगळणे अवैध ठरवून ही जमीन संरक्षित वनच आहे असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. निवाडा न्यायालये करतील. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की, ज्या जमिनीचे भवितव्य एका कागदाने ठरते ते दुसऱ्या कागदाने बदलते. याच महापालिकेने बोरीवलीजवळ गोराईची क्षेपणभूमी २००७ नंतर शास्त्रीय रीतीने बंद करून झाकून घेतली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आणि याच महापालिकेचा वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे जाणारा किनारी मार्ग कांदळवनांतून जाणार, हेही. एका हाताने राखणे व दुसऱ्या हाताने मोडणे, हा संस्थांचा स्वभाव दिसतो.

मग उपाय काय? दूरदेशीचे एक उदाहरण घ्या. न्यूयॉर्क शहरास पाणी देणारे डोंगर शहरापासून फार दूर आहेत. पाणी शुद्ध करण्याचे अवाढव्य कारखाने बांधण्यापेक्षा पाणलोट राखणे स्वस्त, असा हिशेब मांडून त्या नगरशासनाने १९९७ साली तेथील गावांशी करार केला. जो स्वखुशीने विकेल त्याच्याकडूनच बाजारभावाने जमीन घ्यावयाची. सक्तीने घ्यावयाची नाही. दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे साडेबारा हजार हेक्टरांची पाणथळ भूमी आहे, २००२ पासून तीही रामसर यादीत आहे. शहराचे सांडपाणी तेथे तळ्यांत जाते, त्यावर मासे वाढतात, आणि तेथील मच्छीमार व शेतकरी त्यावर जगतात. त्या माणसांना हुसकावून जागा राखलेली नाही. ती माणसे तेथे काम करतात म्हणून जागा राहिली आहे. आपल्याकडे मीठ पिकविणाऱ्याला प्रथम बाजूला केले, आगर ओसाड पडले, आणि मग ओसाड जागेचा काय उपयोग असे विचारणारे पुढे आले. उघाडी चालविणारा हात निघून गेला की बांध किती दिवस टिकणार?

संपादन हा शब्द उच्चारताच वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, ती आम्हांस या व्यासपीठावरूनही दिसत आहे. तिला कारण आहे. खाडीपलीकडे नवी मुंबईसाठी आपल्या बांधवांच्या जमिनी गेल्या, आणि न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच शेतकऱ्यांना गोळीबारात प्राण द्यावे लागले. त्या बलिदानानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. दि. बा. पाटील यांचे नाव आपण ज्या आदराने घेतो त्याचे हेच कारण. परंतु त्या लढ्याचा अर्थ जमीन कधीच देऊ नये असा नव्हता. तिचे मोल ठरविताना आम्हांस विचारा, असा होता. नगर वसविण्यासाठी घेतलेल्या जमिनीला जो न्याय, तोच न्याय नगर वाचविण्यासाठी राखलेल्या जमिनीला मिळावा, एवढीच आपली मागणी असली पाहिजे. आणि जे भाऊ या भीतीपोटी रात्री भराव टाकू देतात, तिवरे मेली की जमीन मोकळी होईल असे मानतात, त्यांना आम्ही वडीलकीच्या नात्याने सांगतो की, कांदळवन नष्ट केले म्हणून जमिनीचा दर्जा बदलत नाही. न्यायालयाने ती पूर्ववत करण्याचे आदेश दिलेले आहेत, आणि त्याचा खर्च भराव टाकणारा दलाल देत नाही.

हा अन्याय एकट्या आपल्या ज्ञातीवर नाही. कोळी बांधवांची जाळी त्याच खाडीत पडतात. आरे व राष्ट्रीय उद्यानातील वारली पाड्यांचा प्रश्न तर आपल्याहून जुना व बिकट आहे. आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय २०२० साली झाला तेव्हा पाड्यांचे हक्क आधी निश्चित व्हावेत अशी मागणी होती, आणि ती रास्त होती. या तिन्ही समाजांनी एकत्र निवेदन द्यावे असे आम्ही मंडळास सुचविले आहे. त्यात तीन गोष्टी असाव्यात. नैसर्गिक क्षेत्रात पडलेल्या खासगी जमिनींची यादी पालिकेने प्रभागवार जाहीर करावी. जो मालक देऊ इच्छितो त्याच्याकडून ती पैशाने वा विकासहक्काने घ्यावी. आणि घेतलेल्या खाजणांच्या राखणीस, बांध व उघाड्यांच्या निगेस, काठावरच्या गावांतील माणसे नेमावीत. पालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यातील पूरनियंत्रणाच्या गोष्टी खऱ्या करावयाच्या असतील तर या कामासाठी अंदाजपत्रकात रक्कम दाखवावी लागेल.

निवेदनास वेळ लागेल, तोवर प्रत्येक घराने करावयाचे एक काम सांगून आम्ही रजा घेतो. ज्यांच्या नावे खाडीकाठी एक गुंठाही जमीन आहे, त्यांनी तिच्या भूमापन क्रमांकावर महापालिकेच्या विकास नियोजन खात्याचा अभिप्राय काढून घ्यावा. तो मिळाला म्हणजे जमीन आरक्षणात आहे की विभागात, हे स्वच्छ कळते. आरक्षणात असेल तर लक्षात ठेवा, हा आराखडा २०१८ पासून अमलात आहे आणि दहा वर्षे २०२८ साली भरतात. वारसांची नावे सातबाऱ्यावर अथवा मालमत्ता पत्रकावर चढविलेली नसतील तर ते आधी करा, बहिणींची नावे न वगळता. मोबदल्याची वेळ आली म्हणजे सर्वांत मोठा अडथळा तेथेच येतो. मंडळाच्या कार्यालयात यासाठी एक नोंदवही आज उघडली आहे. उताऱ्याची प्रत, वारसांची यादी आणि जुना बांध कोठून कोठपर्यंत होता याची घरातील वृद्धांना असलेली माहिती, ही तीन टिपणे घेऊन यावे. चहापानानंतर वही मागच्या मेजावर ठेवलेली आहे. आम्ही स्वतः तेथे बसणार आहोत.